पोच

प्रस्तावना

सरकारी कार्यालयात अर्ज दिला की आपण पोच मागतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का उमटतो, तारीख पडते, कारकुनाची सही होते. त्या शिक्क्याने अर्ज मंजूर होत नाही. तो पोहोचला एवढेच कळते. तरीही पोच हाती आल्याशिवाय माणूस खिडकीपासून हलत नाही. शेजाऱ्याने आपल्याला अडचणीत मदत केली, तर तिची पोच आपण देतो का? देत असू तर कोणत्या शब्दांत, कोणत्या रीतीने? प्रस्तुत पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे. पाठ वाचल्यानंतर आभार व्यक्त करणाऱ्या मराठी शब्दांतील सूक्ष्म भेद तुम्हांला सांगता येतील आणि शेजाऱ्याला साधे, नेमके आभारपत्र लिहिता येईल.

पाठ

नवी दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात रामकृष्ण पुरम ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. दिल्लीकर तिला आर. के. पुरम म्हणतात. तेथील पत्ता गल्लीच्या नावाने सांगत नाहीत. सेक्टर आणि क्वार्टरचा क्रमांक सांगतात. कोणाच्या समोर कोण राहायला येईल हे घर वाटप करणारे कार्यालय ठरवते. त्यामुळे एकाच जिन्यावर बंगालचे एक कुटुंब, केरळचे एक, गढवालचे एक आणि महाराष्ट्राचे एक, असा योग सहज जुळून येतो. सेक्टर पाचमध्ये दिल्ली तमिळ संगमची वास्तू आहे, सेक्टर दोनमध्ये अय्यप्पाचे मंदिर आहे आणि सेक्टर सातच्या टेकडीवर स्वामीनाथाचे, म्हणजे मुरुगन देवाचे मंदिर १९७३ पासून उभे आहे. तमिळ भाषेत 'मलै' म्हणजे डोंगर. दिल्लीच्या तोंडी त्याचे 'मलाई मंदिर' झाले. दुधाच्या सायीशी त्याचा काही संबंध नाही!

मराठी माणसाच्या संस्था मात्र येथून दूर आहेत. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा पहाडगंज भागात. गणपतीत किंवा दिवाळीत तेथे जाता येते. पण रात्री दीड वाजता जो धावून येतो तो समोरच्या दारातला माणूस असतो.

असेच एक घर डोळ्यांपुढे आणा. परभणी जिल्ह्यातील एक तरुणी लग्नानंतर आर. के. पुरमला आली. आठवीनंतर तिची शाळा सुटली होती. हिंदी समजत असे, पण बोलताना अडखळत असे. समोरच्या घरात तिरुचिरापल्लीकडचे एक तमिळ दांपत्य राहत होते. त्या गृहस्थांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्या पत्नीचे बालपण मुंबईत, माटुंग्याला गेले होते. माटुंग्यात तमिळ वस्ती मोठी असल्याने घरात तमिळ आणि रस्त्यावर मराठी, अशा दोन्ही भाषा त्या सारख्याच सहजतेने बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "पाणी सकाळी किती वाजता येतं, कुणी सांगितलं का तुला?" दिल्लीत आल्यापासून घराबाहेर ऐकलेले ते पहिले मराठी वाक्य होते. तरुणी त्यांना 'मामी' म्हणू लागली. तमिळ घरांतही वडीलधाऱ्या शेजारणीला 'मामी'च म्हणतात, हे तिला नंतर कळले. मामी म्हटल्यावर त्यांचे यजमान ओघानेच 'मामा' झाले.

फेब्रुवारी महिन्यात तिचा नवरा कार्यालयाच्या कामासाठी गुवाहाटीला गेला होता. मध्यरात्रीनंतर दीड वर्षांच्या मुलाला ताप चढला आणि आकडी आली. तिने समोरचे दार वाजवले. मामींनी मुलाला कुशीवर वळवले, त्याच्या तोंडात काहीही घालू दिले नाही, रिक्षा आणवली आणि तिला घेऊन सफदरजंग रुग्णालय गाठले. पाच वर्षांच्या मुलीला मामांनी सांभाळले. सकाळी सात वाजता मूल आईच्या खांद्यावर झोपून घरी परत आले.

इतके झाल्यावर त्या तरुणीने मामींना काय म्हटले असेल? काहीच नाही.

यात तिची कृतघ्नता नव्हती. आपल्याकडे जवळच्या माणसाचे आभार मानण्याची फारशी रीत नाही. आई ताट वाढते तेव्हा कोणी तिला 'धन्यवाद' म्हणत नाही, म्हटलेच तर ती विचारील, "बरं वाटत नाही का रे तुला?" शेजाऱ्याला आभाराचे शब्द सांगितले तर तोही म्हणतो, "आभार मानून परकं करू नका." या वाक्यात मोठा जिव्हाळा आहे. पण त्याची सावलीही आहे. न बोलण्याची सवय इतकी अंगवळणी पडते की बोलणे आवश्यक असते तेथेही ओठ उघडत नाहीत. मदत करणारा मनातून वाट पाहत असतो असे नाही. तरीही आपण केलेले समोरच्याला उमगले की नाही हे त्याला कळण्याचा मार्गच उरत नाही.

त्या तरुणीने आपल्या परीने मार्ग शोधला होता. मामींच्या घरून सांबाराची वाटी येई. ती वाटी तिने कधी रिकामी परत केली नाही. कधी त्यातून शेंगदाण्याची चटणी गेली, कधी तिळगूळ. घरात देण्याजोगे काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालून तिने वाटी दिली. शेजारचे भांडे रिकामे पाठवू नये, ही मराठी घरांतील जुनी रीत आहे. तिच्यात हिशेब नसतो. वाटीभर सांबाराला चिमूटभर साखर, हा कोणत्या बाजारातील भाव आहे? साखरेची चिमूट म्हणजे पोचच होय: तुमचे आले, आम्हांला मिळाले, आमच्या घरातही तुमची आठवण आहे.

याच्या शेजारी लग्नातील आहेराची पद्धत ठेवून पाहा. आहेराची वही असते. कोणी किती दिले याची तीत नोंद होते आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की वही उघडून तेवढ्याच किमतीचा आहेर केला जातो. ही परतफेड आहे. समाजव्यवहारात तिलाही स्थान आहे, कारण अनेक हातांनी खर्च उचलल्याशिवाय गरिबाघरचे लग्न उभे राहत नसे. पण शेजाऱ्याच्या मदतीला आहेराचा नियम लावला की घोटाळा होतो. रात्री दोन वाजता रुग्णालयात सोबत येण्याची किंमत कशी लिहायची? ती चुकवण्यासाठी कोणी भारी साडी नेऊन दिली, तर घेणारी संकोचते आणि पुढच्या सणाला तितकीच भारी साडी परत येते. दोन घरांत वही सुरू होते. वाटीतील साखरेला हा धोका नाही.

दुसऱ्याला ओळखीची वाटेल अशी रीत शोधणे हेही आभाराचेच अंग आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मराठी घरांत हळदीकुंकू होते, वाण दिले जाते. तमिळ घरांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास मांडतात आणि पाहायला आलेल्या बायकांना हळद-कुंकू, विडा, नारळ देतात. त्यामुळे मामींना वाणाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शेजारीण विधवा असेल आणि आपल्या हळदीकुंकवात तिला जागा नसेल, तर जिने सर्वांत अधिक मदत केली तीच बाहेर राहते. अशा वेळी रीत बाजूला ठेवून तिच्या घरी जाणे बरे. तसेच खाण्याची वस्तू पाठवताना त्या घरी काय चालते आणि काय चालत नाही, हे आधी विचारण्यात कमीपणा नाही.

पाठगत प्रश्न : (१) 'पोच' आणि 'परतफेड' यांतील फरक वाटी आणि आहेर यांच्या आधारे दोन-तीन वाक्यांत लिहा. (२) तुमच्या भागात शेजारचे भांडे परत करण्याची कोणती रीत आहे?

वाटीची ही वाट एकदा संपूर्ण देशात अडली होती. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीत करोनाची दुसरी लाट भयंकर होती. रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या, प्राणवायूच्या सिलिंडरसाठी नातलग शहरभर फिरत होते. त्या दिवसांत दारे बंद असलेल्या घरांबाहेर शेजाऱ्यांनी जेवणाचे डबे ठेवले, औषधे आणून दिली. डबा ठेवायचा, घंटी वाजवायची आणि मागे सरायचे. पुष्कळदा डबाही फेकून देण्याजोगाच असे. परत भरून पाठवायला भांडेच उरले नाही. मदत करणारा आणि घेणारा यांची तोंडेही एकमेकांना दिसली नाहीत. अशा वेळी फोनवरचे चार शब्द किंवा चिठ्ठी एवढीच पोच शक्य होती. पुढे टाळेबंदी उठली, जो तो आपल्या कामाला लागला आणि कित्येक घरांत ते चार शब्द सांगायचे राहून गेले. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण कठोर आहे. सगळीच माणसे तशी नसतात. अनेकदा गरज सरते आणि वैद्याला सांगायचे मनातच राहते.

येथे वेळेचा प्रश्न येतो. आर. के. पुरमसारख्या वसाहतीत तो अधिकच टोकदार आहे. क्वार्टर कोणाच्या मालकीचे नसते. बदली झाली, निवृत्ती आली, की ठरावीक मुदतीत ते रिकामे करावे लागते. गावाकडे शेजार पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आज राहिलेले उद्या, उद्या राहिलेले मुलगा किंवा सून बोलून दाखवते. सरकारी वसाहतीत समोरच्या दाराला एक दिवस कुलूप लागते आणि काही आठवड्यांनी तेथे नवे कुटुंब येते.

मे महिन्यात मामींच्या घरी खोकी बांधायला सुरुवात झाली. मामा निवृत्त झाले होते; ते दोघे तिरुचिरापल्लीला परत जाणार होते. तेव्हा त्या तरुणीने मनाशी ठरवले की पत्र लिहायचे. मामींना मराठी वाचता येत होते. आठवीनंतर तिने कागदावर सलग चार ओळी लिहिल्या नव्हत्या. पहिला खर्डा तिने असा केला :

"आपण मला वेळोवेळी जे अमूल्य सहकार्य केले त्याबद्दल मी आपली अत्यंत आभारी आहे. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मी आपली सदैव ऋणी राहीन."

यात एकही शब्द चुकीचा नाही. तरीही हे पत्र मामींऐवजी एखाद्या संस्थेच्या अध्यक्षांना पाठवले असते तरी चालले असते. त्यात ती रात्र नाही, रिक्षा नाही, मूल नाही. शब्द मोठे आहेत, पण कोणाचेही आहेत.

या शब्दांकडे थोडे थांबून पाहू. 'धन्यवाद' म्हणजे 'तुम्ही धन्य आहात' असे बोलणे. हा शब्द मदत करणाऱ्याकडे पाहतो. 'ऋणी' हा घेणाऱ्याकडे पाहतो. त्यात कर्जाची कल्पना आहे. म्हणूनच 'उतराई होणे', म्हणजे त्या कर्जातून मोकळे होणे, असा वाक्प्रचार आला. 'उपकार' हा शब्द मात्र जपून वापरावा. घेणाऱ्याने म्हटला तर नम्रता दिसते. देणाऱ्याने उच्चारला की केलेल्या मदतीवर पाणी पडते. 'कृतज्ञ' या शब्दात 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते ओळखणारा तो कृतज्ञ. केलेल्याचा घात करणारा तो कृतघ्न. बोलीत यालाच 'जाण ठेवणे' म्हणतात. जाण ठेवायची तर नेमके काय केले होते हे माहीत असावे लागते. पहिल्या खर्ड्यात उणीव होती ती हीच.

मामी ज्या भाषेत वाढल्या तिच्या एका प्राचीन ग्रंथाने या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तिरुवळ्ळुवरांच्या 'तिरुक्कुरळ' या ग्रंथात १३३ प्रकरणे आणि प्रत्येक प्रकरणात दहा, अशी १३३० लहान पद्ये आहेत. अकरावे प्रकरण कृतज्ञतेवर आहे. मदतीचा आकार पाहू नये. ती कोणत्या वेळी आणि किती निरपेक्षपणे केली ते पाहावे, असा त्यातील विचारांचा रोख आहे. हा ग्रंथ मराठीत आणणाऱ्यांत साने गुरुजी होते. १९३० च्या सत्याग्रहात त्यांना शिक्षा झाली आणि धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी त्रिचनापल्लीच्या, म्हणजेच तिरुचिरापल्लीच्या, तुरुंगात झाली. तेथे दक्षिणेकडील सोबत्यांच्या संगतीत ते तमिळ शिकले आणि पुढे त्यांनी कुरळ मराठीत उतरवला. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही आंतरभारतीची कल्पना त्यांनी १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. सोबत्याची भाषा शिकणे हीसुद्धा त्याच्या सोबतीची पोचच होय.

त्या तरुणीला हे काही ठाऊक नव्हते. तिने पहिला कागद बाजूला ठेवला आणि त्या रात्री काय काय घडले ते आठवून दुसरे पत्र लिहिले :

रामकृष्ण पुरम, नवी दिल्ली
२० मे

ती. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

समोरासमोर दार असताना पत्र लिहीत आहे, याचे तुम्हांला हसू येईल. पण बोलायला आले की माझ्या तोंडून शब्द निघत नाहीत, म्हणून लिहिते.

फेब्रुवारीत बाळाला आकडी आली त्या रात्री मी तुमचे दार वाजवले तेव्हा दीड वाजला होता. मी घाबरून त्याच्या तोंडात चमचा घालणार होते. तुम्ही माझा हात धरला. दवाखान्याच्या खिडकीवर मला बाळाचे वयही सांगता येईना. ते तुम्ही सांगितले. डॉक्टर बोलले ते सगळे मला मराठीत समजावले. सकाळी परत आलो तेव्हा मुलीची वेणी घातलेली होती आणि ती मामांजवळ बसून इडली खात होती. वेणी मामांनी घातली हे तिने मला नंतर सांगितले.

त्या दिवशी मी तुम्हांला काहीच बोलले नाही. मग चटणी पाठवली, तिळगूळ पाठवला, पण सांगायचे राहूनच गेले. त्या रात्रीनंतर मला दिल्लीची भीती वाटेनाशी झाली.

तुमचा थर्मामीटर तेव्हापासून आमच्याकडे आहे. तो या पत्राबरोबर परत देत आहे. तुमचा तिकडचा पत्ता याच कागदाच्या मागे लिहून द्यावा. मामांना नमस्कार.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
समोरच्या घरातली

या पत्रात 'आभार' हा शब्द एकदाही आलेला नाही. तो आला असता तरी काही बिघडले नसते. पण चमचा, खिडकी, वेणी आणि इडली यांनी त्याचे काम केले आहे. मायन्यातील 'ती.' म्हणजे तीर्थस्वरूप. आईवडिलांखेरीज इतर वडीलधाऱ्यांसाठी हा मायना वापरतात. 'शि. सा. न. वि. वि.' म्हणजे 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष'. मामी नात्याने परक्या; पण लिहिणारीने त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांचा मायना लिहिला. 'माननीय महोदया' लिहिले असते तर खालचा सारा मजकूर अवघडून गेला असता. पत्रातील एक वाक्य विशेष लक्ष देऊन वाचा : 'त्या रात्रीनंतर मला दिल्लीची भीती वाटेनाशी झाली.' मदतीने आपल्यात काय बदलले ते यात सांगितले आहे. मदत करणाऱ्याला ते सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण ते त्याला दिसलेले नसते.

मामींनी पत्र दारातच उभ्याने वाचले. चश्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचले. मग आत जाऊन त्यांनी कागदाच्या मागे तिरुचिरापल्लीचा पत्ता देवनागरीत लिहिला, तो भाग जपून फाडून तिच्या हाती दिला आणि पत्र स्वतःजवळ ठेवले. थर्मामीटर त्यांनी घेतला नाही.

"राहू दे तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "समोर नवीन कुणी येईल. त्यांच्या घरीही लहान मूल असेल."

शब्दार्थ : पोच - वस्तू किंवा अर्ज मिळाल्याची खूण, पावती, आकडी - झटके येणे, वाण - सणाच्या निमित्ताने दिलेली भेटवस्तू, आहेर - मंगलकार्यात दिलेली भेट, खर्डा - कच्चे लेखन, निरपेक्ष - कशाचीही अपेक्षा न ठेवणारा, मायना - पत्राच्या आरंभीचा संबोधनाचा मजकूर.

पाठान्त प्रश्न

१. 'आभार मानून परकं करू नका' या वाक्यातील जिव्हाळा आणि त्याची 'सावली' स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. 'कृतज्ञ' आणि 'कृतघ्न' या शब्दांची फोड करा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

३. पहिला खर्डा आणि दुसरे पत्र यांची तुलना करा. दुसऱ्या पत्रातील कोणता तपशील तुम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला? का?

४. सरकारी वसाहतीत आभार मानण्यास उशीर करणे अधिक धोक्याचे का ठरते?

५. उपक्रम : तुम्हांला अडचणीत मदत करणाऱ्या एका शेजाऱ्याला दहा-बारा ओळींचे पत्र लिहा. घटना केव्हा घडली, त्या व्यक्तीने नेमके काय केले आणि त्यामुळे तुमच्यात काय बदलले, हे त्यात यावे. 'अमूल्य', 'सदैव', 'अत्यंत' हे शब्द वापरू नका. पत्र लिहिता येत नसेल तर दुसऱ्याला सांगून लिहून घ्या, मात्र सही स्वतः करा. पत्र वहीत ठेवू नका. त्या व्यक्तीच्या हाती द्या.